वेग तोच, कस वाढता

एकोणतिसाव्या किलोमीटरच्या फलकापाशी मी मागे वळून पाहिले, तेव्हा ती आमच्या घोळक्यात नव्हती. सुरुवातीच्या रेषेवर ती माझ्याजवळ येऊन हळू आवाजात बोलली होती. तिची ती पहिलीच मॅरेथॉन होती आणि तिने मला एवढेच सांगितले होते, "ताई, मला वेगाचं काही कळत नाही. मी फक्त तुमच्या झेंड्याकडे बघत धावणार आहे." माझ्या पाठीवर बांधलेल्या काठीच्या टोकाला एक लहानसा झेंडा होता आणि त्यावर ४:३० हा आकडा छापलेला होता. त्या दिवशी मी पेसर होते, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरचे अंतर साडेचार तासांच्या किंचित आत, शक्य तितक्या एकसारख्या वेगाने पार करणे आणि ज्यांना त्याच वेळेत पोहोचायचे आहे त्यांना सोबत घेऊन जाणे हे माझे काम होते. ती मागे पडली होती, आणि तिच्या मागे पडण्यात माझा वाटा होता, हे मला त्या फलकापाशीच कळून चुकले.

त्यानंतर अकरा आठवड्यांनी मी स्वतःसाठी मॅरेथॉन धावले आणि पहिल्यांदाच चार तासांच्या आत पोहोचले. या दोन शर्यतींविषयी मला एकत्रच लिहायचे आहे, कारण दुसरीत मला जे साधले ते पहिलीत मी इतरांच्या चेहऱ्यांवर वाचले होते. मॅरेथॉनमध्ये वेग एकसारखा ठेवावा, हे प्रत्येक धावपटूला पहिल्या दिवसापासून सांगितले जाते. परंतु वेग एकसारखा राहिला तरी तो राखण्यासाठी लागणारा कस मुळीच एकसारखा नसतो. पाचव्या किलोमीटरला जो वेग हातचा मळ वाटतो, तोच पस्तिसाव्या किलोमीटरला अंगातली शेवटची ताकद मागतो. ही गोष्ट तीन मॅरेथॉन धावूनही मला नीट उमगलेली नव्हती.

माझ्या पहिल्या मॅरेथॉनमध्ये अर्धे अंतर १ तास ५६ मिनिटे ४० सेकंदांत झाले, तेव्हा आपण फारच सावकाश धावत आहोत असे मला वाटत होते. उरलेल्या अर्ध्या अंतराला २ तास ३६ मिनिटे ३० सेकंद लागले. एकतिसाव्या किलोमीटरनंतर मांड्या दगडासारख्या झाल्या, पोटरीत गोळे येऊ लागले आणि शेवटचे सहा किलोमीटर मी जास्त चालले आणि थोडेसेच धावले. तिसऱ्या मॅरेथॉनपर्यंत हा फरक कमी झाला. तेव्हा पहिला अर्धा भाग १:५८:१० मध्ये आणि दुसरा २:०६:४० मध्ये झाला, म्हणजे एकूण ४ तास ४ मिनिटे ५० सेकंद. तरीही तिन्ही वेळा माझ्या मनात हिशेब एकच होता: अंगात जोर आहे तोवर दोन-तीन मिनिटे गाठीशी बांधून ठेवावीत, म्हणजे पुढे वेग पडला तरी ती कामी येतील. अनेक धावपटू असाच हिशेब करतात आणि कागदावर तो अगदी बिनचूक दिसतो.

शरीरात मात्र तो चुकतो, आणि त्याचे मुख्य कारण इंधनात आहे. स्नायूंमध्ये आणि यकृतात मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा शरीरातला साठा, असतो, म्हणजे ढोबळमानाने १,६०० ते २,००० किलोकॅलरी. धावताना दर किलोमीटरला, शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅममागे सुमारे एक किलोकॅलरी खर्च होते. माझे वजन ६० किलोग्रॅमच्या आसपास आहे, त्यामुळे संपूर्ण मॅरेथॉनसाठी मला अडीच हजार किलोकॅलरी लागतात. वरची तूट चरबीतून आणि वाटेत घेतलेल्या कर्बोदकांतून भरून निघते. चरबीचा साठा आपल्यापैकी सडपातळ माणसाकडेही भरपूर असतो, पण तिच्यातून ऊर्जा मिळते ती सावकाश. वेग जसा वाढतो तसा खर्चातला ग्लायकोजेनचा हिस्सा वाढत जातो. म्हणजे पहिल्या दहा किलोमीटरांत दर किलोमीटरमागे दहा सेकंद वाचवण्यासाठी आपण जे जाळतो ते नेमके तेच असते, ज्याची बत्तिसाव्या किलोमीटरनंतर वानवा पडते. तिथे ते संपले की वेग दहा-वीस सेकंदांनी नाही, मिनिटा-दीड मिनिटाने पडतो. धावपटू ज्याला 'वॉल' म्हणतात ती हीच अवस्था, आणि तिथे पोहोचल्यावर निर्धाराने तिच्यातून पार होता येते यावर माझा आता विश्वास उरलेला नाही. तिच्याशी गाठ पडू न देणे एवढेच आपल्या हाती असते, आणि तेसुद्धा शर्यतीच्या पहिल्या तासात.

पेसर होण्याविषयी मला विचारले गेले तेव्हा मी लगेच होकार दिला. पेसरला साधारणपणे त्याच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा बरीच जास्त वेळ दिली जाते, कारण त्याला स्वतःचा दम सांभाळून इतरांकडे लक्ष द्यायचे असते. माझ्याकडे पंचवीस मिनिटांची मोकळीक होती. मी घरी बसून गणित केले. साडेचार तास म्हणजे १६,२०० सेकंद, त्यांना ४२.१९५ ने भागले की दर किलोमीटरला ६ मिनिटे २४ सेकंद येतात, आणि नेमक्या त्या वेगाने धावले तर ४ तास ३० मिनिटे ३ सेकंद होतात. त्या तीन सेकंदांनी कुणाचे तरी वर्षभराचे ध्येय हुकेल, म्हणून मी ६:२३ हा वेग धरला. त्याने ४ तास २९ मिनिटे २१ सेकंद होतात. दर पाच किलोमीटरच्या वेळा मी एका पट्टीवर लिहून ती मनगटाला बांधली: पाचला ३१:५५, दहाला १:०३:५०, अर्ध्या अंतराला २:१४:४०, तीसला ३:११:३०.

मनगटावरच्या घड्याळाकडे पाहून हे सारे आपोआप साधेल असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी एक गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. मॅरेथॉनचा अधिकृत मार्ग कॅलिब्रेट केलेल्या, म्हणजे आधी ठाऊक अंतरावर तपासून घेतलेल्या, सायकलने मोजतात. तो मोजताना वळणांवर आतल्या कडेपासून फक्त ३० सेंटिमीटर अंतर ठेवून सर्वांत जवळची रेषा धरतात, आणि मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून त्यात दर किलोमीटरला एक मीटर वाढवतात. हजारो धावपटूंच्या गर्दीत ती जवळची रेषा कुणालाच सापडत नाही. आपण वळणे बाहेरून घेतो, पाण्याच्या टेबलाकडे तिरपे जातो, कुणाला तरी ओलांडण्यासाठी डावी-उजवीकडे सरकतो, आणि उंच इमारतींमध्ये जीपीएसची चूक त्यात आणखी भर घालते. त्या दिवशी शर्यत संपल्यावर माझ्या घड्याळात ४२.५६ किलोमीटर दिसत होते. वरचे ३६५ मीटर ६:२३ च्या वेगाने धावायला २ मिनिटे २० सेकंद लागतात. म्हणजे घड्याळात दिसणाऱ्या वेगावर विसंबून मी ६:२३ धरून बसले असते तर साडेचार तासांचा झेंडा ४ तास ३१ मिनिटे ४१ सेकंदांनी पोहोचला असता. म्हणून पेसरने रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या फलकांवर भरवसा ठेवायचा असतो आणि प्रत्येक फलकापाशी लॅपचे, म्हणजे त्या टप्प्याची वेळ नोंदवण्याचे, बटण हाताने दाबायचे असते.

आणखी एक बाब मला सुरुवातीलाच सगळ्यांना समजावून सांगावी लागली. बिबमागची, म्हणजे छातीवरच्या क्रमांकाच्या पट्टीमागची, चिप वेळ मोजते ती आपण रेषा ओलांडल्यापासून. बंदुकीचा बार मात्र त्याआधीच झालेला असतो. माझा झेंडा माझ्या चिपच्या वेळेप्रमाणे चालणार होता, त्यामुळे जो धावपटू माझ्यानंतर दोन मिनिटांनी रेषा ओलांडून मला गाठायला धावेल, त्याला ती दोन मिनिटे भरून काढण्याची गरजच नव्हती. हे ऐकून दोघेतिघे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. माझा सहकारी पेसर घोळक्याच्या मागच्या बाजूला राहणार होता. आम्ही निघालो तेव्हा आमच्याभोवती पंचवीसेक जण होते.

आणि तरीही, एवढे सगळे माहीत असूनही, पहिले पाच किलोमीटर ३१ मिनिटे ५ सेकंदांत झाले. पन्नास सेकंद लवकर! रस्ता किंचित उताराचा होता, सकाळची हवा गार होती, दोन्ही बाजूंनी लोक ओरडत होते आणि पुढच्या गटाची पाठ दिसत होती. पण ही सारी सबब झाली. खरे कारण असे की मी घड्याळापेक्षा अंगाचे ऐकले, आणि त्या वेळी अंग मला सांगत होते की हा वेग काहीच नाही. माझ्यासाठी तो खरोखरच काही नव्हता. दर किलोमीटरला दहा सेकंदांनी माझे काहीच बिघडणार नव्हते. ज्यांच्या क्षमतेच्या काठावर ६:२३ हा वेग उभा होता, त्यांच्यासाठी मात्र ६:१३ हा दुसऱ्याच शर्यतीचा वेग होता, आणि झेंडा बरोबर असणार या विश्वासाने ते माझ्यामागे येत होते.

घेतलेले ते पन्नास सेकंद मी एकदम परत केले नाहीत. एकदम वेग कमी केला की घोळका एकमेकांवर आदळतो, लोकांचा ठेका मोडतो आणि झेंड्यावरचा विश्वास उडतो. पुढचे पंधरा किलोमीटर मी दर किलोमीटरला तीन-चार सेकंद जास्त घेत गेले आणि अर्ध्या अंतराला २ तास १४ मिनिटे ३६ सेकंदांवर आले. पट्टीवरचा आकडा जुळला. ज्यांच्या पायांतून ते सेकंद आधीच वसूल झाले होते, त्यांना मात्र ते परत मिळाले नव्हते.

पेसरला इतर धावपटूंना न दिसणारी एक गोष्ट दिसते: एकाच वेगाने चाललेली वीस माणसे, तासामागून तास. आठव्या किलोमीटरला आमच्यात गप्पा चालल्या होत्या. पूर्ण वाक्ये बोलली जात होती, कुणी मागच्या शर्यतीची हकीकत सांगत होते, कुणी सरावाविषयी विचारत होते. अठराव्या किलोमीटरला वाक्ये लहान झाली. चोविसाव्याला फक्त उत्तरे उरली, तीही एका शब्दात. माझ्या उजव्या हाताला साठीकडे झुकलेले एक गृहस्थ धावत होते. ते सुरुवातीपासून एक शब्दही बोलले नव्हते, आणि मला आधी वाटले की त्यांना आमचा गलका आवडत नसावा. सत्ताविसाव्या किलोमीटरला मी त्यांना "बरं वाटतंय ना काका?" असे विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "आत्ता कुठं शर्यत सुरू होतेय." सगळ्यांची पावले त्याच वेगाने पडत होती. झेंडा त्याच वेगाने पुढे सरकत होता. पण खांदे वर चढू लागले होते, टाचा रस्त्यावर आपटू लागल्या होत्या, श्वास तोंडाने आणि आवाज करत चालला होता. पहिल्या तासाला जो वेग म्हणजे सकाळचा फेरफटका होता, तोच वेग, त्यात सेकंदाचाही फरक न करता, आता माणसांना एकेक करून सोडून चालला होता.

याचा खुलासा फक्त इंधनाने होत नाही. घामावाटे पाणी गेले की रक्तातला द्रवाचा भाग कमी होतो आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक कमी रक्त पुढे ढकलले जाते. त्यातच अंग थंड ठेवण्यासाठी रक्ताचा काही भाग त्वचेकडे वळतो. स्नायूंची मागणी तर तेवढीच असते, म्हणून हृदयाला ठोके वाढवावे लागतात. शिवाय माझ्यासारख्या धावपटूची मॅरेथॉनभरात चाळीस हजारांच्या आसपास पावले पडतात, आणि प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार झेलतात. तिथले तंतू सूक्ष्म प्रमाणात फाटत जातात, पावलातली उसळी जाते आणि तोच किलोमीटर आधीपेक्षा महाग पडू लागतो. एवढे सगळे आत घडत असताना घड्याळात मात्र ६:२३ हाच आकडा दिसत असतो.

बत्तिसाव्या किलोमीटरला आम्ही नऊ जण उरलो होतो. चढ लागला तेव्हा मी वेग थोडा सोडला आणि सगळ्यांना श्वासावर लक्ष ठेवायला सांगितले, कारण चढावर वेग एकसारखा ठेवण्यापेक्षा दम एकसारखा ठेवणे शहाणपणाचे असते. पाण्याच्या टेबलाशी गेलेले दहा सेकंद पुढच्याच किलोमीटरात भरून काढायचे नाहीत, तीन-चार किलोमीटरांत वाटून घ्यायचे, हेही मी सांगत राहिले. आम्ही ४ तास २९ मिनिटे २६ सेकंदांनी रेषा ओलांडली तेव्हा माझ्याजवळ सहा जण होते, आणि त्यांत ते न बोलणारे काका होते. मी तिथेच थांबले. ४ तास ४१ मिनिटांनी ती आली. लंगडत होती, पण धावत होती. तिने माझे दोन्ही हात धरून आभार मानले आणि मला तिच्याकडे नीट पाहवेना. तिला मी तिथे काही बोलले नाही, कारण तो क्षण तिचा होता आणि माझ्या कबुलीने त्यात काहीच चांगले मिसळले नसते.

घरी परतल्यावर मी माझ्या जुन्या शर्यतींचे आकडे पुन्हा काढून पाहिले. तिन्ही वेळा मी स्वतःच्या बाबतीत तेच केले होते जे त्या दिवशी तिच्या बाबतीत केले. पहिल्या तासातल्या सुखद भावनेवर विश्वास ठेवून मी शेवटच्या तासाचा वेग ठरवला होता.

पुढच्या अकरा आठवड्यांतला माझा सराव किलोमीटरांच्या हिशेबात फारसा बदलला नाही. आठवड्यातून एकदा लांब पल्ल्याचे धावणे, जे ३२ किलोमीटरपर्यंत नेले; एकदा टेम्पो, म्हणजे सलग पण जरा नेटाच्या वेगाचे धावणे; बाकी सारे सावकाश. बदलले ते एवढेच की लांब धावण्यातले शेवटचे दहा-बारा किलोमीटर मी शर्यतीच्या वेगाने धावू लागले, म्हणजे तो वेग थकलेल्या पायांना कसा लागतो हे आधीच कळावे. मैदानातल्या ४०० मीटरच्या ट्रॅकवर घड्याळावर मनगटपट्टी चढवून मी अंदाजाने फेऱ्या मारत असे आणि प्रत्येक फेरी २ मिनिटे १५ सेकंदांच्या किती जवळ गेली ते नंतर पाहत असे. पहिल्या आठवड्यात माझ्या सुरुवातीच्या फेऱ्या सहा-सात सेकंदांनी वेगवान आणि शेवटच्या तेवढ्याच संथ निघत. नवव्या आठवड्यात हा फरक दोन सेकंदांवर आला होता. शेवटचे दोन आठवडे टेपरचे, म्हणजे अंतर कमी करून पाय ताजे होऊ देण्याचे.

लक्ष्य ठरवताना मी अर्धमॅरेथॉनच्या वेळेचा आधार घेतला. पीटर रीगेल या अभियंत्याचे एक सूत्र धावपटूंमध्ये प्रचलित आहे: अंतर दुप्पट झाले की वेळ दुप्पट न होता सुमारे २.०८५ पट होते. माझी अर्धमॅरेथॉनची वेळ १ तास ५१ मिनिटे ३० सेकंद होती. त्यावरून ३ तास ५२ मिनिटे ३० सेकंद येतात. हे सूत्र माझ्यासारख्यांच्या बाबतीत आशावादी ठरते असा माझा अनुभव आहे, कारण आठवड्याला पन्नास किलोमीटर धावणाऱ्याकडे एकवीस किलोमीटरची तयारी पूर्ण असली तरी बेचाळीसची तयारी अपुरीच असते. म्हणून मी ३ तास ५७ मिनिटांचा विचार केला, म्हणजे दर किलोमीटरला ५ मिनिटे ३७ सेकंद, आणि पहिले पाच किलोमीटर त्याहूनही संथ, ५:४५ च्या आसपास.

सुरुवातीला वेग राखून ठेवण्याचा फायदा सर्वोत्तम धावपटूंच्या शर्यती पाहताना फार स्पष्ट दिसतो. २०२२ मध्ये बर्लिनला एलिउद किपचोगे यांनी २:०१:०९ असा जागतिक विक्रम केला, तेव्हा त्यांचा पहिला अर्धा भाग ५९:५१ चा होता आणि दुसरा ६१:१८ चा. पुढच्याच वर्षी शिकागोला केल्विन किप्टम यांनी तो विक्रम मोडून २:००:३५ ही वेळ नोंदवली. त्यांचा पहिला अर्धा भाग ६०:४८ चा आणि दुसरा ५९:४७ चा. अर्ध्या अंतरावर किप्टम यांची वेळ किपचोगे यांच्या त्या शर्यतीतल्या वेळेपेक्षा जवळजवळ एका मिनिटाने मागे होती, आणि शेवटी ते ३४ सेकंदांनी पुढे निघाले. २०२४ च्या फेब्रुवारीत किप्टम यांचे निधन झाले. त्यांच्या त्या दुसऱ्या अर्ध्या भागाचा विचार मी आजही सरावात करते. पेसरचे महत्त्व पाहायचे असेल तर २०१९ चे व्हिएन्ना आठवावे. तिथे किपचोगे यांनी १:५९:४० मध्ये अंतर पूर्ण केले; आळीपाळीने येणारे ४१ पेसर त्यांच्याभोवती होते आणि समोरच्या गाडीतून रस्त्यावर वेगाच्या रेषा टाकल्या जात होत्या. पेसर मध्येच बदलले गेल्यामुळे आणि ती खुली शर्यत नसल्यामुळे त्या वेळेला विक्रमाची मान्यता नाही, पण दर किलोमीटरला २ मिनिटे ५० सेकंद हा वेग किती काटेकोरपणे राखता येतो ते जगाने पाहिले. वाऱ्यापासून आडोसा हा त्यांच्यासाठी मोठा लाभ असतो. आमच्यासारख्यांना पेसरकडून मिळणारा मोठा लाभ वेगळाच आहे: चार तास दर मिनिटाला निर्णय घेण्याच्या ओझ्यातून सुटका.

मी ती सुटका घ्यायची नाही असे ठरवले होते. तरीही शर्यतीच्या दिवशी मी चार तासांच्या पेसरच्या मुद्दाम मागे उभी राहिले आणि वीस सेकंदांनी रेषा ओलांडली, म्हणजे झेंडा माझ्या नजरेसमोर, पण माझ्यापुढे राहील. पहिले पाच किलोमीटर २८ मिनिटे ४० सेकंदांत झाले. लोक लोंढ्याने माझ्या दोन्ही बाजूंनी पुढे जात होते आणि मला पुन्हा तेच जाणवत होते, की हे काहीच नाही. या वेळी मला त्या भावनेचे मोल ठाऊक होते. मी आठव्या किलोमीटरच्या त्या गप्पा आठवल्या आणि स्वतःशीच मोठ्याने एक पूर्ण वाक्य बोलून पाहिले. श्वास न तुटता ते पूर्ण झाले. दहा किलोमीटरला ५६:५५, हृदयाचे ठोके मिनिटाला १५२. दर पस्तीस मिनिटांनी एक जेल, म्हणजे कर्बोदकांचा घट्ट पाक, सरावात घेत होते तोच, आणि पाणी तहानेपुरते. तहान नसताना पाणी पीत राहिल्याने रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, हे मी पेसर म्हणूनही सगळ्यांना सांगितले होते.

अर्धे अंतर १ तास ५९ मिनिटे २० सेकंद. तिन्ही जुन्या शर्यतींत मी याहून जास्त वेगाने अर्ध्यावर पोहोचले असते तर आश्चर्य नव्हते. पहिल्या आणि तिसऱ्या वेळी तर मी खरोखरच एक-अडीच मिनिटांनी पुढे होते. पण त्या वेळी मी अर्ध्या अंतरावर मनात उरलेले किलोमीटर मोजत होते, आणि आता माझ्या पायांत अजून काहीतरी बाकी होते. तेविसाव्या किलोमीटरच्या सुमारास मी झेंड्यापाशी पोहोचले. पेसरने वळून माझ्याकडे पाहिले, क्षणभर माझा श्वास ऐकला आणि म्हणाला, "श्वास छान आहे तुमचा. जा तुम्ही." एका पेसरने दुसऱ्याला दिलेली ती खूण होती. मी कधीकाळी हेच काम केले आहे, हे त्याला ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते.

तिथून तिसाव्यापर्यंत मी थोडा वेग वाढवला, ५:३५ पर्यंत, आणि तीस किलोमीटर २ तास ४९ मिनिटांत झाले. पस्तीसला ३:१७:१२. इथे ठोके १६६ वर गेले होते. वेग दहाव्या किलोमीटरला होता तोच होता, आणि दर मिनिटाला हृदय चौदा ठोके जास्त देत होते. समोरून वारा सुरू झाला. पुढचे पाच किलोमीटर कठीण गेले, खरोखर कठीण. मांड्या जड झाल्या, डाव्या पोटरीत गोळा येऊ पाहत होता, आणि घड्याळात ५:४६ दिसू लागले. जुन्या शर्यतींत या जागी मी घाबरत असे, कारण कस वाढला म्हणजे आपले काहीतरी चुकले असे मला वाटे. या वेळी मला त्यात नवल वाटले नाही. शर्यतीच्या या टप्प्यावर एवढा कस लागणारच होता, पहिल्या तासात तो लागला नव्हता तो यासाठीच. मी पावले आखूड केली, खांदे खाली सोडले, एका उंच धावपटूच्या पाठीमागे वाऱ्याच्या आडोशाला गेले आणि एकाच गोष्टीकडे लक्ष दिले, ती म्हणजे पुढचा फलक. रस्त्याकडेने लोक चालत होते, उभे राहून मांड्या ताणत होते. त्यांच्यातले कितीतरी जण पहिल्या पाच किलोमीटरांत माझ्या बाजूने पुढे गेले असतील. मला त्यांना ओलांडताना आनंद झाला नाही. त्या जागी तीनदा मी स्वतः उभी होते.

चाळीसला ३:४६:०२. शेवटचे २ किलोमीटर १९५ मीटर १२ मिनिटे आणि २ सेकंदांत, म्हणजे दर किलोमीटरला ५:२९. मॅरेथॉनच्या शेवटी मी वेग वाढवू शकते हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते. ३ तास ५८ मिनिटे ४ सेकंद. ठरवलेल्या ३:५७ पेक्षा चौसष्ट सेकंद जास्त, पण दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा छत्तीस सेकंदांनी कमी वेळात झाला होता, आणि माझ्या लेखी या दोन आकड्यांतला दुसरा जास्त मोलाचा आहे.

रेषेच्या पलीकडे स्वयंसेवक सगळ्यांना पुढे सरकायला सांगत होते. मी कठड्याला धरून एका बाजूला उभी राहिले. पाऊण मिनिटाने चार तासांचा झेंडा वळणावर दिसला. त्याच्याभोवती किती जण आहेत ते मी मोजले, अकरा होते. शेवटच्या शंभर मीटरवर पेसर सर्वांना हाताने पुढे जायची खूण करत होता आणि स्वतः मात्र उलटा वळून, जवळजवळ मागे चालत, रस्त्याच्या त्या टोकाकडे पाहत होता.